बिनकाकडाची भाजी

सह्या चारला होत्या आणि जेवण एकला. मधल्या तीन तासांत काही बिनसेल असं धनेशला वाटलं नव्हतं. जन्मापासून अडतीस वर्षं या घरात काढून त्याला असं वाटलं नाही, आता याला काय म्हणावं!

सकाळपासून तो ओसरीवर फाइल घेऊन बसला होता. फाइलीत डोंगराकडच्या नऊ एकर रानाचा सातबारा, नकाशा आणि तीस वर्षांच्या भाडेकराराचा मसुदा. सातबाऱ्यावर नावं दोनच, बाप नागू आणि चुलता पदू. रान घेणारी पार्टी पनवेलची. माणसाचं खरं नाव काय, ते धनेशशिवाय घरात कुणाला माहीत नव्हतं. जमिनीच्या गोष्टीत समोरच्याला नाव नसतंच, तो 'पार्टी' असतो. पार्टी रानात तंबू टाकणार होती, स्विमिंग पूल बांधणार होती, गाडी थेट वर जाईल असा रस्ता काढणार होती, आणि धनेश तिथला मॅनेजर होणार होता.

"सत्तावीस झाडं जातील फक्त," धनेश म्हणाला. "पार्टीनं सोता चुना मारलाय त्यांना. बाकी रान हाय तसं."

"सत्तावीस म्हंजे काय जास्त नाय," खाटेवरून नागू म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला.

नागूच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच संप पुकारला होता. तेव्हापासून तो रानात गेला नव्हता. पोरानं दोनशे सत्तर झाडं म्हटली असती तरी त्यानं हेच उत्तर दिलं असतं. आपण धनेशला दिलं काय, हा प्रश्न त्याला अलीकडे फार छळायचा. टेंपो पोरानं स्वतःच्या हिमतीवर घेतला. एकोणीस वर्षं तो रात्री एकला उठून कशेळ्याच्या बाजारातली भाजी भरतो, वाशीच्या मार्केटला टाकतो आणि दिवस वर आला की घरी येऊन झोपतो. त्याची मुलगी ओवी बोलायला लागली तेव्हा तिनं पहिलं आख्खं वाक्य म्हटलं ते, "बाबा झोपलेत, हळू बोला." सगळे पोट धरून हसले होते. नागूला मात्र हसू आलं नव्हतं. ती पोर आज आजोळी होती, पुढच्या रविवारी यायची होती. ती आली की तिला बाप दिवसा जागा असलेला बघायला मिळेल, एवढाच नागूचा हिशेब होता.

पदू माथेरानहून साडेअकराला उतरला. तीस वर्षं तो तिथं घोडे धरत होता. लग्न टिकलं नाही, घोडे टिकले. पार्टी त्याला इथं दोन घोडी घेऊन देणार होती, त्यामुळे त्याचाही होकार पक्का होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिशाला पेन लावलेलं.

"पेन कशाला आनलंस?" नागू म्हणाला. "पार्टी देईल की पेन."

"दुसऱ्याच्या पेनानं आपली जमीन देऊ नये," पदू म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. हर्षला. धनेशची पाठची बहीण, खालापूरला दिलेली. टोलनाक्याच्या अलीकडे नवराबायकोची खाणावळ आहे. रविवारी खाणावळ सोडून ती माहेरी आली म्हणजे काहीतरी घेऊन आली किंवा काहीतरी न्यायला आली, हे धनेशला पाठ होतं.

"तुला कोनी बोलावलं?" त्यानं विचारलं.

"आईनं. शेवळं खायला ये म्हनाली."

"शेवळं खा नि गप बस हां, हर्षे. तुझी सही लागत नाय."

"माहीताय रं दादा, लागत नाय ते," हर्षला म्हणाली आणि चपला काढून सरळ आत गेली.

*

स्वयंपाकघरात ऋतिका भाकऱ्या थापत होती. धनेशची बायको. माहेर बारामतीकडचं, त्यामुळे ज्वारीची भाकरी तिच्या हाताला यायची आणि तांदळाची शिकायला दोन वर्षं गेली. पण या घरात तिचं नाव झालं ते भाकरीनं नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये सासूनं तिला सांगितलं होतं, "शेवळं चिरून ठेवलीत, त्यात काकडं घाल." ऋतिकानं दोन कोवळ्या काकड्या बारीक चिरून घातल्या.

तिला कुठून माहीत असणार! शेवळ म्हणजे मृगाच्या सुमाराला रानात जमिनीतून वर येणारा जांभळट कोंब. चवीला मटणाच्या तोंडात मारील, पण नुसता खाल्ला तर घशाला खाज सुटते. ती खाज मारायला काकडं लागतात. काकड हे रानातल्या एका झाडाचं लहान आवळ्याएवढं, आंबट, तुरट फळ. कुटून रस घातला की भाजी निमूट होते. बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडं फुकटच मिळतात. काकडीचा त्यात काही संबंध नाही. त्या दिवशी अख्खं घर ताकाच्या तांब्यावर तुटून पडलं होतं, आणि आठ वर्षं झाली तरी एकही जून ती गोष्ट निघाल्याशिवाय गेला नव्हता.

म्हणून आज ऋतिकानं आधीच विचारून घेतलं होतं. "आई, काकडं कुठंयत?"

"नाय," सोनुबाई म्हणाली. चुलीवरच्या पातेल्यात ती सुक्या कोळंबीचे सोडे परतत होती.

"नाहीत? वाडीवरची येसूबाई टाकते ना दर वेळी मूठभर?"

"ह्या टायमाला नाय टाकली."

"मग चिंच भिजत घालू? भरपूर लागेल."

"तीन आमसुलं टाकलीत मी. बास झाली."

ऋतिकानं सासूकडे पाहिलं. पन्नास वर्षं शेवळं शिजवणारी बाई पातेलंभर भाजीत तीन आमसुलं टाकून बास म्हणत होती. वर तिनं ताकाचं मडकं आधीच घुसळून कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं, शेजारी गुळाचे खडे काढून ठेवले होते.

"आई," ऋतिका हळूच म्हणाली, "खाजेल हो."

"खाजंल. मरनार नाय कोन. पिवळा भाग सगळा काढलाय मी, नि दोन पान्यांत उकडलंय." मग सोनुबाई जरा थांबली. "तुला वाटतंय ना धनेशनं सही करून घ्यावी?"

ऋतिकाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिला वाटत होतंच. नवरा रात्री घरात असावा असं कोणत्या बाईला वाटत नाही? रात्री एकला टेंपो सुरू झाला की ती जागी व्हायची आणि वाशीहून फोन येईपर्यंत डोळा लागायचा नाही. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"वाटतंय," ती म्हणाली.

"वाटनारच. मी तुला गप बस म्हनत नाय. बाहेर जाऊन सांगायचं तर सांग."

ऋतिकानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली. बाहेर काही सांगायला ती गेली नाही. का गेली नाही ते तिलाही नीट उमगलं नाही. आठ वर्षांत या बाईनं काकडीवरून तिला एकदाही टोमणा मारला नव्हता. सगळ्यांनी मारला, हिनं नाही. तेवढं एक कारण असेल.

हर्षला आत आली, पातेल्यात डोकावली, वास घेतला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची खाणावळ जूनमध्ये या भाजीवरच चालायची. एक्सप्रेस-वेवरून वाट वाकडी करून लोक यायचे.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"ताटं घे," सोनुबाई म्हणाली.

*

पहिला घास पदूनं खाल्ला. "वा वयनी! वर्षानं खातोय." दुसरा घासही त्यानं तसाच खाल्ला. तिसऱ्या घासाला तो थांबला, गिळलं, खाकरला, परत खाकरला.

नागूनं जीभ टाळूला घासली. धनेश तर फाइलीच्या नादात चार घास भराभर खाऊन बसला होता. त्यानं एकदम गळ्याला हात लावला.

"आयला!" तो म्हणाला. आवाज फाटलेला निघाला. "ऋतिका! परत काकडी घातली काय?"

झालं. पदू खोकत खोकत हसायला लागला. नागूही हसला आणि हसताना त्याला आणखी खाजलं. "आठ वर्सं झाली गं सूनबाई," तो म्हणाला, "आता तरी काकड नि काकडी..." पुढचं त्याच्या घशातच अडकलं. ऋतिका दारात ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. तिचे कान लाल झाले होते, तरी ती पुढं होऊन ताक वाढायला लागली.

"तिला कोनी काय बोलू नका," सोनुबाई म्हणाली. "भाजी मी केलीय."

ती खाली पंगतीत बसली होती. तिच्या ताटातही तीच भाजी होती आणि निम्मी संपली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, खाजेनं आलं की कशानं ते कळायला मार्ग नव्हता.

"तू?" नागू म्हणाला. "अगं, काकडं घालायला इसरलीस काय?"

"इसरले नाय. काकडं नायत."

"नायत म्हंजे? आपल्या रानात झाड हाय की! ओहोळाच्या वरती, खडकाला लागून. आपल्या आईच्या टायमाचं."

"हाय नाय. व्हतं."

 पदू ताक पिता पिता थांबला.

"शुक्रवारी येसूबाई शेवळं घेऊन आली," सोनुबाई सांगायला लागली. "मी इचारलं, काकडं कुठंयत गं? ती म्हनाली, कुठली आनू? झाड कुठंय? मला वाटलं मस्करी करते. काल तुमाला कशेळ्याच्या बाजाराला जाते सांगून मी वरती गेले. बुंधा हाय फक्त. एवढा." तिनं दोन्ही हातांनी जेवढा दाखवला तेवढ्यात घरातली परात बसली असती. "येसूबाईच्या वाडीतल्या सात-आठ बाया त्या झाडाची काकडं काढून कशेळ्याला शेवळाबरोबर देतात. यंदा त्यांची शेवळं अर्ध्या भावात गेली. काकडाबिगर कोन घेनार?"

"कोनी तोडलं?" नागूनं विचारलं.

सोनुबाईनं ताटातली भाकरी मोडली. ती धनेशकडे बघत नव्हती. तिथंच धनेशला समजलं.

"ते?" तो म्हणाला. "ते खडकाजवळचं? अगं, ते वाळलेलं व्हतं, आई!"

"कवा तोडलंस?"

"शिमग्याला. पोरं होळीला लाकूड मागत व्हती. पार्टी पन म्हनाली, रस्त्यात येतंय, वाळलेलंच हाय, काढून टाका. एक पान नव्हतं त्याच्यावर, देवाशपथ!"

"शिमग्याला काकडावर पान असतं काय रं?" पदू म्हणाला. "झडतं ते. माथेरानला पन हायेत की, होळीला नुसते सांगाडे दिसतात. चैत-वैशाखात फुटतात."

धनेशनं ताट पुढं सारलं. तो या गावात जन्मला. काकडं त्यानं हजार वेळा खाल्ली, टेंपोतून पाट्याच्या पाट्या नेल्या. पण ती पाटीत येतात, एवढंच त्याला माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षापासून तो रात्री रस्त्यावर आणि दिवसा झोपेत. कुठलं झाड कधी झडतं आणि कधी फुटतं, हे बघायला तो जागा होता कधी?

"गावानं आरती केली त्या होळीची," तो हळूच म्हणाला. "यंदाची होळी आपल्याकडनं, म्हनून नारळ दिला मला."

कुणी हसलं नाही. हर्षलाला हसू येत होतं आणि रडूही. तिनं ओठ दाबून धरले.

"मग हे तोंडानं सांगता येत नव्हतं?" नागू बायकोवर चिडला. "माझा घसा सोलून काढलास की!"

"तोंडानं सांगितलं असतं तर काय म्हनला असता तुमी?" सोनुबाईचाही आवाज आता बसला होता, तरी तिनं तो चढवला. "म्हनला असता, एक झाड तर गेलं! सकाळपासनं म्हनताय, सत्तावीस म्हंजे जास्त नाय. सातबाऱ्यावर माझं नाव नाय, माझी सही लागत नाय, मला कोन इचारतंय? माझ्या हातात पातेलं हाय. एका झाडाचं काय जातं ते घशाला कळलं ना? मग आता करा सह्या. मी पेन आनून देते."

आणि तिनं खरंच उरलेली भाजी भाकरीला लावून खाल्ली. पदूनं तिच्यासमोर गुळाचा खडा ठेवला. "वयनी, बास आता. खाऊ नको."

*

जेवणं तशीच अर्धी राहिली. पदू ओसरीवर येऊन खांबाला टेकला. खिशातलं पेन काढून हातात फिरवत राहिला.

"तीस वर्सं घोडा धरतोय मी," तो धनेशला म्हणाला. "मुंबईचे लोक दस्तुरीला गाडी ठेवतात नि वर चालत येतात. एसीच्या गाडीतनं उतरून, पैसे देऊन चालतात, धनेश! का? तर वर झाड हाय, सावली हाय, गाडीचा आवाज नाय. तिथं गाडी आली तर माझ्या घोड्याला कोन इचारील? नि आपन इथं पयला रस्ताच काढतोय. मला घोडी देतो म्हनाला, मी आपला हुरळलो."

"म्हंजे तू पन फिरलास," धनेश म्हणाला.

"फिरलो नाय. इचार करतोय."

"हर्षेचं कळतं मला. तिला खानावळीत शेवळं पायजेत."

"हो, पायजेत!" हर्षला आतून बाहेर आली. "खोटं कशाला बोलू? जून-जुलैत माझी खानावळ आपल्या रानावर चालते. पन तुझ्या मार्केटवर मी कधी बोलले काय? माझं एक ऐक. शेवळं, करटोली, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, मला आनि टोलनाक्याच्या दोन हाटेलांना लागतात. येसूबाई बस बदलत बदलत डोक्यावर पाटी घेऊन येते. तू टेंपोनं आनून दे. दिवसा."

"दोन-चार महिन्यांचं काम. बाकीचे महिने?"

"बाकीचं मला नाय माहीत," हर्षला म्हणाली. "पन तेवढे महिने तरी घरात झोपशील."

दाराआड ऋतिका उभी होती. धनेशनं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर काढली नाही.

"पयलं पार्टीला येऊ द्या," धनेश म्हणाला. "मी शब्द दिलाय."

*

पार्टी बरोबर चारला आली. पांढरी गाडी, सोबत कागद सांभाळणारा एक माणूस. गृहस्थ सभ्य होते, तेही खरंच सांगायला हवं. येताना ओवीसाठी खाऊ आणला होता.

"काका, नमस्कार. तब्येत कशी?"

नागूनं तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. त्यानं गळ्याकडे बोट केलं.

"भाजी लागलीय," सोनुबाईनं दारातून खुलासा केला.

कागद पसरले गेले. कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या. पदूनं आपलं पेन उघडलं, परत बंद केलं आणि नागूकडे बघितलं. नागू धनेशकडे बघत होता. त्याच्या बाजूनं हा निर्णय कधीच झाला होता. पोरगा हो म्हणाला की हो.

"साहेब," धनेश घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ती सत्तावीस झाडं धरलीत ना, त्यात वाळलेली किती?"

"वाळलेली धरलीच नाहीत हो!" पार्टी मोकळेपणानं हसली. "सत्तावीस ती हिरवी. वाळलेली तर काढायचीच असतात. पाहुण्यांच्या अंगावर पडली म्हणजे?"

"ती किती हायेत?"

पार्टीनं सोबतच्या माणसाकडे पाहिलं. त्यानं कागद चाळला. "शंभर-सव्वाशे. मी फेब्रुवारीअखेर स्वतः फिरून मोजलीत. बरंचसं रान मेलेलंच आहे तुमचं, खरं सांगायचं तर."

धनेशला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खोकला, मग पुन्हा हसू. पार्टी गोंधळली. पदूला कळलं तसा तोही सुरू झाला. दोघं चुलते-पुतणे फाटक्या घशानं असे हसत सुटले की नागूनं खाटेवरून काठी आपटली.

"साहेब, रागावू नका," धनेश डोळे पुसत म्हणाला. "आपन दोघं सारखेच. मी पन त्याच दिवसांत बघितलं व्हतं. फेब्रुवारीत आमचं रान मेलेलंच असतं. आता जाऊन बघा वर, एक मेलेलं झाड दाखवा." मग त्याचं हसू ओसरलं. त्यानं कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि परत दिले. "नाय जमनार. तुमाला खेटे घालायला लावले, माफ करा. चूक माझी हाय."

"अहो, झाडांची संख्या कमी करू की आपण..."

"संख्या नाय, साहेब. ओळखनारा मानूस पायजे. मलाच ओळखता येत नाय, तर तुमच्या मानसाला कुठनं येनार?"

पार्टीनं चहा घेतला, विचार करा म्हणून सांगितलं, आपल्याला दुसऱ्या जागाही आहेत हेही सांगितलं, आणि गाडी गेली. ओवीचा खाऊ मात्र ठेवून गेली.

धनेश बराच वेळ पायरीवर बसून राहिला. शेजारी येऊन सोनुबाई बसली. जिंकल्यासारखं तिला अजिबात वाटत नव्हतं. रात्री एकला पुन्हा टेंपोचं फाटक वाजणार, हे त्याच्याइतकंच तिलाही माहीत होतं.

"माझ्यावर राग हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"ऱ्हाऊ दे. थोडा असू दे." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला पन वाईट वाटतंय रं. तुझं सपान मोडलं मी. झाडासाठी मोडलं. पन तुझी आई हाय मी, झाडाची नाय."

धनेशनं नाक ओढलं. "चार तंबू आपल्याच माळावर टाकता येतील," तो म्हणाला. "झाड न तोडता. काका म्हनतो तसं खाली गाडी ठेवून चालत. रान दाखवायला येसूबाई. तिला इचारायला लागेल. काय देनार, कसं देनार... जमेल का नाय माहीत नाय." मग एकदम आठवून म्हणाला, "त्या झाडाच्या फांद्या हायेत अजून. पार्किंगच्या कुंपनाला खुंट म्हनून ठोकल्यात मी, माळाच्या पल्याड."

"कुठं? मी काल ओहोळाच्या वाटंनं गेले, मला नाय दिसल्या. दाखव."

दोघं माळावर गेली. खुंट रांगेनं उभे होते, मनगटाएवढे जाड, तार अजून लावायची राहिलेली. आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर चार बोटं लांबीची तांबूस कोवळी पालवी होती. सोनुबाईनं एक पान चुरगळून नाकाशी नेलं. नंतर दुसऱ्या खुंटाचं. मग ती खुंटाला धरून तिथंच उभी राहिली.

"मरतच नायत हे," धनेश म्हणाला. "दर रविवारी येऊन पालवी खुडतो मी. तार बांधायला आड येते. परत फुटतात."

"दर रविवारी?"

"हो."

"आज रविवार हाय."

"आज सह्या व्हत्या म्हनून..." धनेशचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यानं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आई, ही जगतील?"

"जगलीतच की. तू किती खुडलीस तरी."

"काकडं कवा धरतील?"

"धा वर्सं तरी घेतील."

"तवर?"

"तवर चिंच. नि खाजलं की तुला शिव्या." ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "मी खाईन का नाय, ते सोड. ओवी खाईल."

बोलता बोलता धनेशचा हात सवयीनं समोरच्या खुंटाकडे गेला आणि बोटांनी पालवी चिमटीत धरली. सोनुबाईनं त्याच्या हातावर फाटकन चापट मारली, तो सहा वर्षांचा असताना भाकरीच्या टोपलीपाशी मारायची तशी.

"खुडू नको रं," ती म्हणाली.